२२ हजारांत मोटर रिवाइंडिंगचं दुकान निघेल का?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलाने विचारलंय. आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे, पुण्याकडे एका कारखान्यात तीन वर्षं मेंटेनन्सला होता, वडिलांचं दुखणं निघालं म्हणून गावी परत आलाय. हातात २२ हजार आहेत. मोटर रिवाइंडिंग, म्हणजे जळलेल्या मोटरीत नव्या तारेच्या कॉइली भरणं, आणि पंप दुरुस्तीचं दुकान टाकायचं डोक्यात आहे. विचारतोय की एवढ्यात जमेल का, कर्ज काढू का, आणि प्रत्येक फाट्यावर एकेक वाइंडिंगवाला बसलेला असताना माझ्याकडे कोण येईल?

तू माझ्या धाकट्या पोरापेक्षा लहान असशील, म्हणून अरे-तुरेच करतो, राग मानू नकोस.

जमेल. मी १९९८ च्या दिवाळीनंतर ४ हजार ३०० रुपयांवर बसलो. हिंडलग्याच्या पुढे वेंगुर्ला रस्त्याला एका किराणा दुकानामागची आठ बाय दहाची खोली, पावसाळ्यात एका कोपऱ्यात ठिबकायची. त्याआधी सात वर्षं बेळगावात एका मिस्त्रींच्या हाताखाली होतो. पहिलं वर्ष झाडलोट आणि जळक्या कॉइली उपटण्यात गेलं. तेव्हा वैताग यायचा. पण हजारेक जळकी वाइंडिंगं हाताखालून गेल्यावर मोटर का जळली ते डोळ्यांना दिसायला लागतं, आणि पुढे त्याच जोरावर पोट भरलं. तू कारखान्यात मोटर बदलली असशील, उघडून किती बघितल्यास? २२ हजारांपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटते. म्हणून दुकान टाकण्याआधी चार-सहा महिने एखाद्या जुन्या मिस्त्रीकडे बस. पगार नाही दिला तरी बस.

आता सामान. हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन काउंटरसकट सेकंडहँड बघ. बंद पडलेल्या दुकानांतून मिळतं. कॉइल गुंडाळायचे साचे, म्हणजे फॉर्मे, लाकडाचे स्वतः कर. इन्सुलेशन तपासायला ५०० व्होल्टचा मेगर, तार न तोडता करंट मोजायला एक बरा टंग टेस्टर, वायरचा गेज, म्हणजे जाडी, बघायला मायक्रोमीटर, बेअरिंग पुलर, पान्यांचा सेट, सिरीज लॅम्प. मायक्रोमीटर लावताना आधी वायरचं इनॅमल खरवडत जा. नवीन पोरं वरूनच मोजतात आणि गेज चुकवतात. बेअरिंग नंबरवरून ओळखायला शिक, ६२०४ म्हणजे आतलं भोक २० मिलिमीटर, ६२०५ म्हणजे २५, ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणायचं. चेन ब्लॉक घेऊ नकोस, बोअरचे पाइप काढणाऱ्या टोळीशी नीट बोलून ठेव. ओव्हनही नको. पत्र्याच्या पेटीत २०० वॅटचे बल्ब लावून मी आठ वर्षं वार्निश सुकवलं. फक्त पेटीत थर्मामीटर ठेवायचा आणि घाई करायची नाही. सुरुवातीला तांब्याची वायर साठवू नकोस, मोटर आली की लागेल तेवढी बेळगावातून किलोवर आण. या सगळ्यात तुझे पंधरा-सोळा हजार जातील. उरलेल्याला हात लावू नकोस, त्यात पहिल्या तीन महिन्यांचं भाडं आहे.

गिऱ्हाईक कोण येईल, याचं उत्तर मात्र लांबलचक आहे, आणि त्यात माझी एक लाज आहे. ती आधी सांगतो.

दुकानाच्या दुसऱ्या वर्षी कडोलीकडच्या एका शेतकऱ्याची ५ एचपीची मोटर आली. विहिरीवरचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात, कोबीला पाणी चाललेलं. मी वाइंडिंग केलं, वार्निश केलं, चालवून दाखवली, पैसे घेतले. महिन्यात परत जळून आली. मी पुन्हा वाइंडिंग केलं, पुन्हा मजुरी घेतली, वर ‘‘लोड जास्त देता हो मामा’’ असं सुनावलं. तिसऱ्यांदा जळली तेव्हा ती माझ्याकडे आलीच नाही. नंतर त्याच्या पुतण्याकडून कळलं, दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने मोटर उघडायच्या आधी विहिरीवर जाऊन स्टार्टर उघडला होता. एका फेजचा कॉन्टॅक्ट खाऊन गेलेला. चालता चालता एक फेज सुटायचा आणि मोटर दोन फेजवर कण्हत राहायची. लोड तेवढाच असला तर अशा वेळी उरलेल्या दोन तारांवर करंट जवळजवळ पावणेदोन पट जातो. करंट वाढला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले कुणीतरी आधीच पिन घालून अडकवून ठेवलेला. मग दुसरं काय होणार?

माझ्या वाइंडिंगमध्ये खोट नव्हती. पण दोन्ही वेळा त्या जळक्या कॉइलींवर सगळं लिहिलेलं होतं आणि मी ते न वाचता त्या उपटून टाकल्या होत्या.

तर हे वाचायला शिक. तिन्ही फेजच्या कॉइली जोडायच्या दोन पद्धती, स्टार आणि डेल्टा. मोटर स्टार जोडणीची असेल आणि चालू असताना एक फेज गेला, तर दोन फेजच्या कॉइली काळ्या पडतात आणि तिसऱ्या फेजच्या तशाच नव्यासारख्या राहतात. डेल्टात एकाच फेजच्या जळतात, दोन बऱ्या राहतात. गोलाकार बघितलंस की काळा-गोरा असा पट्ट्यापट्ट्यांचा नमुना दिसतो. तो दिसला की वाइंडिंगला हात लावायच्या आधी स्टार्टर, फ्यूज, केबलचे जॉइंट बघायला जायचं. सगळ्या कॉइली चारही बाजूंनी सारख्या भाजल्या असतील तर ओव्हरलोड, नाहीतर व्होल्टेज कमी, नाहीतर पंप जाम. एकाच जागी नाण्याएवढा काळा डाग आणि बाकी वाइंडिंग ठणठणीत, तर त्या जागी कॉइलचे वेढे (टर्न) एकमेकांना शॉर्ट झालेत किंवा पाणी गेलंय. सबमर्सिबलमध्ये थ्रस्ट बेअरिंग घासून रोटर खाली बसला असेल तर आतल्या अंगाला ओरखडे दिसतात. बोअरला पाणी कमी पडून कोरडी चालली असेल तर पंपाच्या इम्पेलरची अवस्थाच सांगते.

कारण सापडलं की ते गिऱ्हाइकाला दाखवायचं. सांगण्यापेक्षा दाखवायचं, जळकी कॉइल त्याच्या हातात द्यायची. ‘‘तुमच्या स्टार्टरचा मधला कॉन्टॅक्ट बघा, तो बदलल्याशिवाय मी मोटर जोडून देणार नाही’’ असं म्हटलं की पहिल्यांदा माणूस वैतागतो. त्याला वाटतं, मोटर दुरुस्त करायला आणली आणि हा स्टार्टर विकायलाय. पण वर्ष गेलं, दोन वर्षं गेली आणि मोटर जळली नाही, की तोच माणूस पारावर बसून तुझं नाव घेतो. माझा एक भाचा म्हणायचा, मामा, मोटरी जळल्याच नाहीत तर खायचं काय? अरे, एकट्या बेळगाव तालुक्यातल्या विहिरी आणि बोअर मोजायला घेतलंस तर तुझा जन्म जाईल. एकाची मोटर तीनदा भरून देण्यापेक्षा तिघांच्या एकदा भरून दिलेल्या बऱ्या.

कडोलीच्या त्या मामांकडे मी आठ महिन्यांनी दुसऱ्या वाइंडिंगची मजुरी परत द्यायला गेलो. त्यांनी पैसे ठेवून घेतले, चहा पाजला, बोलले नीट. मोटर मात्र पुन्हा कधी माझ्याकडे आणली नाही. त्यांच्या भावाची येते.

त्या प्रकरणानंतर मी वही घातली. आता १९ वह्या झाल्यात. प्रत्येक मोटरीला एक ओळ: नाव, गाव, एचपी, कंपनी, स्लॉट किती, कॉइलचे टर्न किती, गेज, पिच, जोडणी. मग जळण्याचा नमुना आणि कारण. मग देताना तिन्ही फेजचे अँपियर, व्होल्टेज. शेवटचे दोन रकाने, कबूल केलेला वार आणि दिलेला वार. सुरुवातीला हे काम कटकटीचं वाटेल. पण एखादी मोटर अशी येते की आधीच्या कुणीतरी भलत्याच गेजची वायर, भलतेच टर्न भरलेले असतात, तुला मूळ डेटा कुठून मिळणार? माझ्या वहीत त्याच कंपनीची तीच मोटर चार वेळा लिहिलेली सापडते. ४१५ व्होल्टला एचपीमागे साधारण दीड अँपियर असा अडाखा आहे, पण त्या नेमक्या मोटरीने गेल्या वेळी किती घेतला ते वहीच सांगते. तिन्ही फेजच्या अँपियरमध्ये फरक दिसला तर घाबरू नकोस आणि दुर्लक्षही करू नकोस. व्होल्टेजमध्ये एक टक्का असमतोल असला तरी करंटमध्ये सहा ते दहा टक्के दिसतो. फेजच्या तिन्ही तारा एकेक जागा सरकवून परत मोज. असमतोल मोटरीबरोबर फिरला तर दोष मोटरीत, तारेवरच राहिला तर लाइनीत.

वहीचा असाही उपयोग झाला. एका वर्षी मार्चमध्ये एकाच गावातून अकरा मोटरी आल्या, सगळ्या सारख्या भाजलेल्या. मी वही घेऊन गावात गेलो, ट्रान्सफॉर्मरवर किती पंप जोडलेत ते मोजलं, दुपारचं व्होल्टेज लिहून काढलं. गावकऱ्यांनी त्या आकड्यांचा अर्ज केला. वर्षभर फेऱ्या मारल्यावर दुसरा ट्रान्सफॉर्मर बसला. मधल्या काळात लोकांनी पाळी लावून पंप चालवले. ते गाव आजही माझं आहे.

त्या शेवटच्या दोन रकान्यांबद्दल आता बोलतो, कारण खरं दुकान तिथेच चालतं.

इकडे थ्री फेज वीज दिवसाचे ठरलेले तासच असते, त्यातही कधी रात्रीची पाळी. उन्हाळ्यात भाजीचं रान दोन दिवस पाण्यावाचून राहिलं की माल उतरतो. त्यामुळे मोटर घेऊन येणारा माणूस पहिला प्रश्न पैशांचा विचारत नाही. मराठी माणूस विचारतो, ‘‘कधी मिळंल?’’ पूर्वेकडचा कन्नड शेतकरी तर मोटरीचं नावही काढत नाही. ‘‘नीर यावाग बरतैती री?’’ म्हणजे पाणी कधी येईल. आपण सवयीने म्हणतो, परवा घेऊन जा. तो परवा येतो, टेम्पो भाड्याने करून येतो, आणि आपण म्हणतो, उद्या या. त्या टेम्पोचं भाडं, त्याचा बुडालेला दिवस, सगळं त्याच्या मनात आपल्या नावावर चढतं. मजुरीत शंभर रुपये कमी केले तरी ते फिटत नाही.

मीही असे वार चुकवलेत. एकदा गुरुवार कबूल केला आणि बुधवारी बेळगावात बंद. वायर आणायची कुठून? तेव्हापासून जास्त लागणाऱ्या तीन गेजचं एकेक रीळ दुकानात असतंच, आणि वार सांगताना एक दिवस बंदचा म्हणून धरतो. आपल्याकडे तो धरावाच लागतो! शिवाय वायर हातात आल्याशिवाय वार सांगत नाही. ‘‘संध्याकाळी फोन करून वार सांगतो’’ म्हटलेलं लोकांना चालतं, सांगितलेला वार बदललेला चालत नाही.

तरी सीझनमध्ये वार गाठणं कठीण व्हायचं. फेब्रुवारी ते मे एका दिवसात सात-सात मोटरी. २००४ च्या पावसाळ्यात हाताला काम नव्हतं म्हणून भंगारातून दोन बंद मोनोब्लॉक आणले, एक ३ एचपीचा, एक ५ चा. सवडीने भरले, बेअरिंगं टाकली आणि लाल रंगाने वर ‘बदली’ असं लिहिलं. पुढच्या सीझनला ज्याची मोटर दोन दिवसांत होणार नाही त्याला यातली एक न्यायला सांगायची. भाडं नाही. अट एकच, जोडायला मी येणार आणि स्टार्टर बघणार. एक विहिरीवरून चोरीला गेली, एक जाळून आणून दिली, भांडणंही झाली. पण त्या दोन मोटरींनी मला जेवढी गावं मिळवून दिली तेवढी कुठल्याच पाटीने दिली नाहीत. आज नऊ आहेत. मोटर दुकानात आणि पाणी रानात चालू, म्हटल्यावर माणूस मागे लागत नाही आणि मला वाइंडिंग घाईने उरकावं लागत नाही. सबमर्सिबलला मात्र ही युक्ती तेवढी चालत नाही, कारण पाइप काढायचे आणि सोडायचे हाच मोठा खर्च. तिथे वार टोळीवर ठरतो. म्हणून आधी टोळीचा दिवस पक्का कर आणि मग गिऱ्हाइकाला सांग.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं दुकानही आपल्याच बेळगावात १८८८ साली सुरू झालं, ते सायकलींचं. ते स्वतः मुंबईत व्हीजेटीआयमध्ये नोकरी करत होते. तिथून सायकली पाठवायच्या आणि इथे भावाने विकायच्या, चालवायला शिकवायच्या, दुरुस्तही करायच्या. त्या काळी सायकल शिकवणारा नसता तर विकत घेणारा तरी कुठून आला असता? किर्लोस्करवाडी पुढे १९१० ची. माझ्या दुकानात त्यांच्या नावाच्या इतक्या मोटरी येतात की मला हा इतिहास रोज दिसतो, तोही जळलेल्या अवस्थेत.

पैशांचं. आपल्या भागात उसाचं बिल आलं की देतो हे वाक्य तुला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. नियमाने ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल मिळायला हवं. प्रत्यक्षात कधी मिळतं ते तुझ्या घरीही माहीत असेल. शेतकऱ्याकडे पैसे नसतात हे खरं असतं, तो बुडवायला बसलेला नसतो. पण तांब्याचा व्यापारी तुला उधार देत नाही. म्हणून माझा नियम पहिल्या वर्षापासून एकच: माल रोख, मजुरी उधार. वायर, बेअरिंग, कागद, वार्निशचे पैसे मोटर उघडल्यावर, अंदाज सांगितल्यावर लगेच. मजुरीसाठी थांबेन. यात एखाद्याने बुडवलं तरी माझा घाम बुडतो, भांडवल बुडत नाही. आणि माणसाला नाही म्हणावं लागत नाही, ते गावात फार महत्त्वाचं.

जळक्या तांब्यावरून दुकानं बदनाम होतात. जुनं वाइंडिंग काढल्यावर निघालेलं तांबं गिऱ्हाइकाचं आहे. काही जण गुपचूप ठेवून घेतात आणि मजुरी कमी सांगतात. मी काट्यावर त्याच्यासमोर वजन करतो, हवं तर घेऊन जा, नाहीतर आजच्या भंगारभावाने बिलातून वजा. नवीन वायर किती किलो गेली तेही काट्यावर. ॲल्युमिनियम भरून तांब्याचे पैसे घेणारेही आहेत. ती मोटर वर्षभरात तुझ्याकडे येईल, तेव्हा आधीच्या मिस्त्रीला शिव्या घालू नकोस, फक्त वायर खरवडून दाखव.

आणि जुनं वाइंडिंग काढायला स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा, कॉइली असलेला भाग, टायर-लाकडांच्या जाळात टाकू नकोस. सोपं पडतं, म्हणून सगळे करतात. स्टेटर पातळ पत्र्यांचा असतो आणि प्रत्येक पत्र्यावर इन्सुलेशनचा थर असतो. तो जळला की पत्र्यांत करंट फिरायला लागतो आणि मोटर नुसती मोकळी चालली तरी तापते. इन्सुलेशनचं असं आहे की दर १० अंश जास्त तापमानाला त्याचं आयुष्य निम्मं होतं. तुझं सुंदर वाइंडिंग त्या जाळामुळे दोन वर्षांत जाईल. एका बाजूने छिन्नीने कॉइली कापायच्या, बेताचं गरम करायचं आणि दुसऱ्या बाजूने ओढायच्या. तासभर जास्त लागतो.

कर्ज आत्ता काढू नकोस. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, मिळेलही तुला. पण दुकानाची एक वही भरू दे. मग कशाला हवंय ते तुलाच कळेल, बहुतेक बदली मोटरी आणि वायरसाठीच लागेल. तोवर पिग्मी, म्हणजे रोज थोडे पैसे जमा करायची ठेव, लाव. ही युक्ती मूळची कर्नाटकातलीच, उडुपीच्या बँकेने १९२८ मध्ये दिवसाला दोन आण्यांपासून सुरू केलेली. मी रोजचे २० रुपये घातले, एजंट संध्याकाळी दारात यायचा म्हणूनच ते साठले. नाहीतर चहा-बिडीत गेले असते. एक सावधगिरी. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांना तो नाही. माझे एका संस्थेत अडकले, अजून निम्मेच निघालेत. तेव्हा पिग्मी घालायच्या आधी ती बँक आहे की संस्था, हे पाटीवर नीट वाच.

जून ते सप्टेंबर तुझ्याकडे, खानापूर भागात, पंप कोण चालवणार? पावसाने विहिरी काठोकाठ. मी पहिले दोन पावसाळे पंखे आणि मिक्सर भरून काढले. मग वडगाव-शहापूरचे विणकर सापडले. यंत्रमागाची मोटर पाऊण-एक एचपीची, पाऊस असो नसो चालते, आणि माग थांबला की मजुरी थांबते, त्यामुळे त्यांनाही वाराची किंमत माहीत. पिठाच्या गिरण्यांचंही तसंच. तुझ्या टापूत माग नसतील, पण गिरण्या, काजूचे कारखाने, लाकडाच्या वखारी आहेत. पावसाळ्यात त्यांच्या दारात जा. जानेवारीत जायला तुला सवड नसेल.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडची फाउंड्री, मशीन शॉपची कामं मिळाली तर घे, पण डोळे उघडे ठेवून. एका कारखान्याने माझे ३८ हजार चौदा महिने ठेवले होते. तेव्हा मला कायदा माहीत नव्हता. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी कर, २०२० पासून ऑनलाइन आहे, आधारवर होते, फुकट आहे, एजंटाला हजार रुपये देऊ नकोस. ती असली की लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं त्यांच्यावर बंधनकारक असतं. शिवाय २०२४ पासून वेळेत न दिलेल्या रकमेची आयकरात वजावट त्यांना त्या वर्षी मिळत नाही. बिलावर उद्यम नंबर छापला की त्यांचा अकाउंटंट आपणहून फोन करतो, हा माझा अलीकडचा अनुभव.

बाकीचं पटकन. ग्रामपंचायतीचा परवाना काढ. नुसत्या सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण चंदगड बाजूला सीमेपलीकडे पंप, वायर विकायला लागलास की हिशेब बदलतो, तेव्हा कर सल्लागाराला विचार. पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, पेंटरला आधीच सांग. माझी पाटी दोनदा रंगवून झाली. आणि कन्नड शीक, निदान एचपी, रुपये, वार सांगण्यापुरती. ‘‘आत री, शुक्रवार’’, म्हणजे ठीक आहे, शुक्रवारी, एवढं कन्नड शेतकऱ्याला त्याच्या भाषेत म्हटलं की अर्धं काम झालं. चिठ्ठी मी दोन्ही भाषांत लिहितो. घरी राजकारण काय बोलायचं ते बोल, काउंटरवर मोटर कुठली भाषा बोलत नाही.

खांबावर चढू नकोस. फ्यूज गेला, खांबावरची जोडतार (जंप) सुटली, गिऱ्हाईक म्हणणार, लाइनमन नाही येत, तूच जरा बघ की मर्दा. माझ्याबरोबर शिकलेला एक मुलगा असाच गेला, २३ वर्षांचा होता. आयटीआय आहेस तर वायरमनचं परमिट काढ, आणि तरी खांबावर चढू नकोस.

हाताखाली पोरगं कधी ठेवायचं? वहीतल्या शेवटच्या दोन रकान्यांत फरक पडायला लागला की. त्याच्या आधी ठेवलंस तर पगार अंगावर येईल. माझ्याकडे शिकून पाच जणांनी आपली दुकानं टाकली. एकाने तर समोरच्याच फाट्यावर. पहिलं वर्षभर मी बोललो नाही त्याच्याशी. आता माझ्याकडे गर्दी झाली की मी त्याच्याकडे पाठवतो, आणि त्याच्याकडे मेगर बिघडला की तो माझा नेतो.

दुकान जूनमध्ये उघडू नकोस, भाडं नुसतं भिजेल. आत्ता मिस्त्रीकडे बस, दिवाळीनंतर उघड. मधे कधी बेळगावला आलास तर वेंगुर्ला रस्त्याला ये, ‘बदली’ लिहिलेल्या मोटरी बाहेर दिसतील. येताना गावातली कुणाची तरी जळलेली मोटर घेऊन ये, उघडलेली नसेल अशी. कुठल्या फेजच्या कॉइली काळ्या आहेत ते तू मला सांगायचं.